खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी डॅमसेल निवडताना

डॅमसेल हे छोटे समुद्री मासे काटक असतात म्हणून मत्स्यालय ठेवणारे नवे हौशी लोक दिसेल तो उचलतात, आणि काही महिन्यांत तोच मासा बाकीच्यांना कोपऱ्यात कोंडून ठेवतो.

१. यलोटेल डॅमसेल मागा. अंग गडद निळं, शेपटी पिवळी. वाढून साधारण ७ सेंमी होतो आणि डॅमसेलांमध्ये त्यातल्या त्यात शांत. पिवळा रंग पोटावरही उतरलेला असेल तर तो अझुर डॅमसेल, तोही चालेल.

२. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेलं गोड पिल्लू दिसलं तरी घेऊ नका. तो डोमिनो. मोठा झाला की ठिपके फिके पडतात आणि दादागिरी वाढते. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे डॅमसेलही तसेच.

३. घेण्याआधी दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. चटकन वर येऊन खाणारा, पर न फाटलेला, कल्ल्यांची हालचाल संथ असलेला मासा निवडा. हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

४. टाकीत डॅमसेल सगळ्यात शेवटी सोडा. आधी सोडला तर तो सगळी टाकी आपली समजतो. सोडायच्या दिवशी दोन-चार दगड हलवून ठेवले तर जुन्या माशांच्याही हद्दी मोडतात.

शंभरेक लिटरच्या टाकीत एकच ठेवा. खडकांच्या फटीत शिरलेला डॅमसेल जाळीत येत नाही. चुकीचा निवडला तर अख्खी मांडणी उपसावी लागते.