गेज लावा, पण पहिलं वाचन एसी बंद असताना घ्या

नागपुरात मे महिन्यात गाडीचा एसी जरा कमी थंड करू लागला की गॅरेजमध्ये लगेच ऐकू येतं, "गॅस कमी आहे, भरून टाकू." अजून गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारा दोन काट्यांचा संच, पेटीतून बाहेरही आलेला नसतो. मला हे फार खटकतं. ज्याचे पैसे जातात त्याचा बिचाऱ्याचा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) नुसता धुळीने भरलेला असतो.

गेजचा निळा होज (नळी) लो साइडचा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, लाल हाय साइडचा, म्हणजे जास्त दाबाच्या, मधला पिवळा व्हॅक्यूम पंपाला किंवा सिलिंडरला. लावण्याआधी मॅनिफोल्डच्या, म्हणजे होज जोडलेल्या गेजच्या बॉडीच्या, दोन्ही नॉब पूर्ण बंद करा आणि दोन्ही काटे शून्यावर आहेत का बघा. नसतील तर काचेमागच्या स्क्रूने आणा. चष्मा आणि हातमोजे घाला; द्रव गॅस कातडीवर उडाला तर जागेवर गोठवतो.

आर-१३४ए गॅसच्या गाडीत लो साइडचा पोर्ट १३ मिलिमीटरचा, हाय साइडचा १६ चा, त्यामुळे कपलर (होजच्या टोकाची जोडणी) अदलाबदल होत नाही. लो साइड जाड पाइपवर मिळते. इंजिन बंद असताना कपलरची रिंग वर ओढून दाबा, टक् असा आवाज आला की कपलरच्याच वरची नॉब फिरवून आतली पिन दाबा.

आता इंजिन चालू करू नका. गाडी बराच वेळ सावलीत बंद उभी असेल तर दोन्ही काटे एकाच आकड्यावर येतात आणि तो आकडा बाहेरच्या तापमानाचा असतो: ३० अंशाला साधारण ९७ पीएसआय (दाबाचं एकक), ३५ ला ११४, ४० ला १३३. आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी हाच आकडा दिसतो. २०० ग्रॅम असो की ५००, काटा तिथेच. म्हणून या आकड्यावरून "गॅस पूर्ण आहे" असं कधी म्हणू नका. पण ३५ अंशाला काटा ६० वर असेल तर आत द्रव उरलेलाच नाही. तिथे भरायच्या आधी लीकेज शोधायचं. उलट आकडा तापमानाच्या मानाने बराच जास्त असेल तर आत हवा शिरली आहे किंवा कोणीतरी वेगळा गॅस मिसळला आहे.

मग इंजिन १५०० आरपीएमवर, एसी फुल, ब्लोअर फुल, दारं उघडी. पाच-दहा मिनिटं थांबा. ३५ अंशाला निळा ३० ते ४५ आणि लाल २०० ते २५० च्या आसपास असला की बरं. आमच्याकडच्या ४४ अंशात लाल ३०० पर्यंत गेला म्हणून घाबरून गॅस सोडू नका. कंडेन्सरवर पाणी मारून बघा: लाल काटा झपाट्याने उतरला तर आधी जाळी साफ करा, पंखा तपासा, गॅस जास्त झालाय का ते त्यानंतर.

एकट्या काट्याचं कधी ऐकू नका. दोन्ही खाली असतील तर बहुतेक गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली म्हणजे कॉम्प्रेसर दाब तयार करत नाही. निळा शून्याखाली व्हॅक्यूममध्ये गेला, थोड्या वेळाने सुधारला, पुन्हा गेला, तर आत ओलावा आहे आणि तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (जिथून द्रव गॅस बारीक तोंडातून कमी दाबाकडे जातो) तोंडाशी गोठतोय. तिथे व्हॅक्यूम आणि नवा ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) लागतो.

घरच्या स्प्लिट एसीला बहुधा आउटडोरच्या जाड पाइपवर एकच पोर्ट असतो, तिथे फक्त निळा होज. आत कोणता गॅस आहे ते आधी आउटडोरवरच्या माहितीच्या पट्टीवर वाचा. आर-२२ चालू असताना ६० ते ७५ दाखवतो, आर-३२ साधारण १२० ते १५०. बंद असताना मात्र आर-३२ ४० अंशाला ३४० च्या वर जातो, म्हणून आर-२२ चा जुना निळा गेज त्याला लावू नका. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० तर सहज, तेव्हा जवळ जोडकामाची गॅस टॉर्च, बिडी काही नको. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलला की काटाही बदलतो. त्यात काट्यावर भरणं चुकीचंच आहे; आतला गॅस काढून, व्हॅक्यूम करून, पट्टीवर लिहिलेलं वजन गेजच्या काट्यावर नव्हे, तर वजनकाट्यावर मोजून भरा.

आणि मशीन चालू असताना, पिवळ्या होजला सिलिंडर असेल तर लाल नॉब उघडायची नाही. हाय साइडचा दाब सिलिंडरमध्ये शिरतो आणि सिलिंडर फुटू शकतो.

गाडीचा गेज काढताना आधी सिलिंडर काढून ठेवा आणि पिवळ्या होजचं तोंड बंद करा. हाय साइडच्या कपलरची पिन सोडा, एसी चालूच ठेवून मॅनिफोल्डच्या दोन्ही नॉब हळूच उघडा; लाल होजमधला गॅस लो साइडकडे ओढला जातो. मग लो साइडची पिन सोडा, इंजिन बंद करा, कपलर काढा. पोर्टवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडा येतो का बघा आणि दोन्ही टोप्या परत घट्ट बसवा.