गच्चीवरची सामूहिक बाग : वृद्धाश्रमासाठी

बाग करायची म्हटलं की आधी रोपांची यादी होते. ती बाजूला ठेवा. ज्येष्ठांची बाग बहुतेकदा बिघडते ती वाफ्याच्या उंचीमुळे. जमिनीवरच्या कुंडीशी वाकून काम केलं की उठताना रक्तदाब उतरतो, चक्कर येते; मग एकेक जण यायचा थांबतो आणि सगळं काम माळ्याच्या गळ्यात पडतं.

200 लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम आडवा ठेवून लांबीत दोन भाग कापा. वाफ्याला साधारण 28 सेंमी खोली मिळते. खाली 45 सेंमीचा लोखंडी स्टँड दिला की काठ 73 सेंमीवर येतो. हातांच्या खुर्चीत बसून काम होतं. ड्रममध्ये आधी काय होतं ते भंगारवाल्याला विचारा. केमिकलचा वास आला तर घेऊच नका. तळाला अर्ध्या इंचाची सहा भोकं पाडा, त्यांवर कौलाच्या खापऱ्या ठेवा. कापलेल्या धारेवर जुना पाइप उभा चिरून बसवा, कारण रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा ओरखडाही वाहत राहतो. व्हीलचेअरला हा ड्रम चालत नाही, गुडघे अडतात. तिथे टेबलावर 15 सेंमी खोल ट्रे, खाली 70 सेंमी मोकळी जागा. पालेभाजीला तेवढी खोली पुरते. दोन वाफ्यांमध्ये किमान 90 सेंमी वाट हवी.

भरलेला ओला वाफा 80 ते 100 किलो होतो. स्टँड तुळईच्या रेषेत ठेवा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय एकही ड्रम वर नेऊ नका. पायांखाली लादीचे तुकडे द्या, नाहीतर ते वॉटरप्रूफिंगमध्ये रुततात आणि पावसात खालच्या खोलीचं छत गळतं.

मिश्रण : दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग लाल माती, एक भाग गांडूळखत, वाफ्यामागे दोन मुठी नीमपेंड. कोकोपीटची वीट रात्रभर पाण्यात भिजवा. कोरडी फोडली तर धूळ छातीत जाते.

सुरुवात मेथीने करावी. बी मोठं असतं, थरथरत्या बोटांतही येतं आणि महिनाभरात जुडी निघते. माठाचं बी बारीक. एक चमचा बियांत चार चमचे कोरडी वाळू मिसळून मिठाच्या डबीतून शिंपडा. मेथी-पालक मात्र ऑक्टोबरनंतरच, मुंबईच्या पावसात दोन्ही कुजतात. पावसाळ्याला अळू, मायाळू, गवती चहा ठेवा. पूजेसाठी कुणीतरी कण्हेर मागेलच. लावू नका : ती विषारी आहे, आणि विसराळूपणा वाढलेल्या माणसाच्या हाताशी तर नकोच. जास्वंद द्या.

पाणी सकाळी ऊन चढण्याआधी, दोन लिटरच्या झारीने. बादली उचलू देऊ नका. कुंड्यांखालच्या बशा काढूनच टाका. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डेंग्यूचा डास तयार होतो. कबुतरांसाठी वाफ्यांवर जाळी हवी. त्यांची वाळलेली विष्ठा झाडू नका, आधी भिजवा, मास्क लावा आणि मग पुसा; तिच्या धुळीने फुप्फुसांचा आजार होतो. जूनपासून फरशीवर शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला घासून काढा, आणि पाऊस चालू असताना गच्चीला कुलूप.

पहिला पालक निघण्याआधी नर्सशी बोला. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांच्या ताटात पालेभाजी एकदम वाढली तर गोळीचा परिणाम कमी होतो. त्यांना पालेभाजी दर आठवड्याला साधारण सारखीच वाढा.