टीएसएचचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्टमध्ये टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा जास्त दिसला की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘थायरॉइड वाढलंय.’ पहिली चूक इथेच होते. टीएसएच थायरॉइडमध्ये बनत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बनवते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी कमी पडू लागली की पिट्युटरी टीएसएच वाढवून तिला कामाला लावते. म्हणजे आकडा जास्त असेल, तर थायरॉइडचं काम बहुतेक वेळा कमी असतं.

पिट्युटरीला हे कळतं कसं? थायरॉइडने बनवलेलं टी४ हे संप्रेरक रक्तातून तिच्या पेशींत शिरतं, तिथे त्याचं टी३ हे जास्त प्रभावी रूप होतं आणि ते टीएसएचचं जनुकच दाबून धरतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडून पिट्युटरीला टीएसएच बनवायला सांगणारं टीआरएचही त्यामुळे कमी होतं. ही यंत्रणा फार हळवी आहे: टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच शंभरपटीपर्यंत चढू शकतं. शिवाय ते रात्री जास्त आणि दुपारी कमी असतं. त्यामुळे ४ चं ५ झालं म्हणून लगेच घाबरू नका.

दुसरी चूक घाईची. थायरॉइडच्या गोळीचा (टी४चा) डोस बदलून पंधरा दिवसांत पुन्हा रक्त देऊ नका. टी४ निम्मं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. पिट्युटरीचा खरा कौल ६ ते ८ आठवड्यांनी मिळतो. महिनाभर गोळ्या चुकवून शेवटच्या आठवड्यात नेमाने घेतल्या, तर टी४ छान दिसतं, टीएसएच मात्र चढलेलंच राहतं. असं झालं असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर डोस विनाकारण वाढेल. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी येतं. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘टीएसएच नॉर्मल, म्हणजे सगळं ठीक’ या समजाची. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, तर पिट्युटरीलाच इजा होऊ शकते. मग टी४ घसरलं तरी टीएसएच वाढत नाही. अंगावर दूध आलं नाही, पाळी परतली नाही, थकवा हटत नाही, अशा बाईचं फ्री टी४ (रक्तातलं मोकळं टी४) तपासायलाच हवं, आणि कॉर्टिसोल हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरकही. कॉर्टिसोल कमी असताना ते आधी न देता थायरॉइडची गोळी सुरू केली, तर जिवावर बेतू शकतं.