डेटा व्यवस्थापन परिषदेसाठी वक्ता म्हणून प्रस्ताव कसा पाठवावा

व्यावसायिक परिषदेत बोलायला मोठे पद लागते, असा अनेकांचा समज असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे मास्टर डेटा (ग्राहक, उत्पादने यांसारख्या, सर्व विभागांना लागणाऱ्या मूळ नोंदी) सांभाळणारी, डेटा गुणवत्तेचे नियम लिहिणारी किंवा मेटाडेटाचे, म्हणजे डेटाविषयीच्या माहितीचे, कोठार उभे करणारी माणसे प्रस्तावच पाठवत नाहीत. निवड समितीला मात्र अशाच माणसांचे अनुभव हवे असतात, कारण परिषदेला येणारा श्रोता नेमक्या त्याच अडचणींतून जात असतो. बहुतेक चांगले विषय मागे पडतात ते प्रस्ताव नीट न लिहिल्यामुळे, आणि नीट लिहिणे शिकता येते.

प्रस्तावांचे आवाहन साधारणपणे परिषदेच्या काही महिने आधी निघते. ते पूर्ण वाचणे ही पहिली पायरी आहे. त्यात सत्रांचे प्रकार, विषयांचे गट, शब्दमर्यादा, वक्त्यांना मिळणाऱ्या सवलती आणि अंतिम मुदत दिलेली असते. अंतिम मुदतीचा वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे, हे आवर्जून पाहावे. काही आवाहनांत ‘पृथ्वीवर कुठेही’ अशा अर्थाची मुदत असते. ती यूटीसीच्या (समन्वित जागतिक वेळेच्या) १२ तास मागे असलेल्या प्रमाणवेळेने मोजतात, म्हणजे त्या दिवशीचे रात्रीचे १२ हे यूटीसीनुसार दुसऱ्या दिवशी दुपारचे १२ असतात. खर्चाची बाबही इथेच तपासावी. वक्त्याला बहुधा प्रवेशशुल्क माफ असते, पण प्रवास आणि निवासाचा खर्च अनेक परिषदा देत नाहीत, आणि सहवक्त्याला तीच सवलत मिळेलच असे नाही.

यानंतर विषय कोणत्या गटात बसतो ते ठरवावे. डामा इंटरनॅशनल या संस्थेच्या डीएमबीओके या ज्ञानसंग्रहाच्या २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीत डेटा व्यवस्थापनाची ११ ज्ञानक्षेत्रे मांडली आहेत. त्यांत डेटा गव्हर्नन्स (डेटाबाबतचे अधिकार आणि नियम ठरवणे), डेटा आर्किटेक्चर, डेटा मॉडेलिंग (डेटाच्या रचनेचा आराखडा काढणे), सुरक्षा, एकत्रीकरण, मास्टर डेटा, डेटा वेअरहाउसिंग, मेटाडेटा, डेटा गुणवत्ता अशी क्षेत्रे येतात आणि अनेक परिषदांचे विषयगट याच वळणाचे असतात. आपले काम दोन-तीन क्षेत्रांत पसरलेले असले तरी प्रस्तावासाठी एकच गट निवडावा. ‘गव्हर्नन्स, गुणवत्ता आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ असा तिन्हींवर हात ठेवणारा प्रस्ताव कोणत्याच गटाच्या परीक्षकाला आपला वाटत नाही.

आता खरे काम सुरू होते. विषय आणि सत्र यांत फरक आहे, आणि माझ्या मते निम्मे प्रस्ताव इथेच पडतात. ‘डेटा गुणवत्तेचे महत्त्व’ हा विषय आहे, आणि त्याचे महत्त्व श्रोत्याला आधीच पटलेले असते, म्हणून तर तो परिषदेला आलेला असतो. सत्र उभे राहते ते एखाद्या निर्णयावर: तुमच्यापुढे दोन वाटा होत्या, तुम्ही एक निवडली, ती का निवडली आणि पुढे काय झाले. प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर एवढेच लिहावे की माझ्या कामात असा कोणता निर्णय होता, जो दुसऱ्या कोणाला पुढच्या वर्षी घ्यावा लागेल. त्याचे उत्तर दोन वाक्यांत लिहिता आले नाही, तर प्रस्तावाचा मजकूर लिहायला अजून घेऊ नये.

उदाहरण म्हणून मास्टर डेटावरचा एक गोषवारा घेऊ. पहिल्या खर्ड्यात सहसा असे काही असते: ‘आजच्या स्पर्धेच्या युगात डेटा ही संस्थेची अमूल्य संपत्ती आहे. या सत्रात मास्टर डेटा व्यवस्थापनाची आव्हाने, उपाय आणि उत्तम पद्धती यांचा सखोल आढावा घेतला जाईल.’ यात चूक काही नाही, पण हा मजकूर कोणीही, कोणत्याही कामाबद्दल लिहू शकला असता. तोच अनुभव असा लिहून पाहा:

‘एका विमा कंपनीत ग्राहकांच्या नोंदी तीन प्रणालींत होत्या आणि एकाच व्यक्तीचे नाव तिन्हीकडे वेगवेगळे लिहिलेले होते. नोंदी जुळवणारे सॉफ्टवेअर घेऊनही प्रश्न सुटला नाही, कारण दोन नोंदींत पत्ता वेगळा असेल तर कोणता खरा मानायचा, हे कोणीच ठरवले नव्हते. प्रत्येक रकान्यासाठी कोणत्या प्रणालीचा शब्द अखेरचा, हे विभागप्रमुखांकडून कसे ठरवून घेतले, आणि एकाच पत्त्यावर राहणाऱ्या, एकच आद्याक्षर असलेल्या बापलेकांच्या नोंदी पहिल्या प्रयत्नात एक का झाल्या, हे या सत्रात दाखवले जाईल.’

दुसरा गोषवारा वाचताना परीक्षकाला बापलेकांची ती जोडलेली नोंद डोळ्यांपुढे दिसते आणि वक्ता प्रत्यक्ष त्या कामात होता, याची खात्री पटते. फसलेला प्रयत्न लपवू नये. तो सांगितल्याने वक्त्याचा मान कमी होत नाही, उलट श्रोत्याला कुठे सावध राहायचे ते कळते. गोषवाऱ्याची मर्यादा बहुधा १५० ते ३०० शब्दांच्या आसपास असते, तेव्हा व्याख्या आणि प्रस्तावना यांना त्यात जागा नाही.

शीर्षक गोषवाऱ्यानंतर लिहावे. ‘मास्टर डेटा: आव्हाने आणि संधी’ यापेक्षा ‘एक ग्राहक, तीन पत्ते: मास्टर डेटात अखेरचा शब्द कोणाचा’ हे शीर्षक कार्यक्रमपत्रिकेत नजर थांबवते आणि आत काय आहे तेही सांगते. केवळ कोटी साधण्यासाठी मात्र अर्थाचा बळी देऊ नये.

‘श्रोते काय घेऊन जातील’ असा एक रकाना जवळपास प्रत्येक अर्जात असतो आणि तिथे साधारण तीन मुद्दे मागतात. ‘विषयाची जाण वाढेल’ असे लिहिण्याऐवजी श्रोता परत गेल्यावर काय करू शकेल ते लिहावे: रकानेवार अग्रक्रमाचा तक्ता बनवता येईल, चुकीने जोडलेल्या नोंदी वेगळ्या करण्याची सोय आधीच ठेवता येईल, विभागप्रमुखांच्या बैठकीत नेमका कोणता प्रश्न ठेवायचा ते ठरवता येईल. श्रोत्याची पातळीही प्रामाणिकपणे निवडावी. ‘सर्वांसाठी’ हा पर्याय सुरक्षित वाटतो, पण अनुभवी श्रोत्यांसाठीच्या सत्रात मूलभूत व्याख्या ऐकाव्या लागल्या की लोक उठून जातात.

सत्राचा प्रकार निवडताना वेळेचा हिशेब मांडून पाहावा. ४५ मिनिटांच्या सत्रातून प्रश्नोत्तरांची १० मिनिटे वजा केली की ३५ उरतात, आणि सुरुवात-शेवट सोडल्यास तीन मुद्द्यांना प्रत्येकी जेमतेम १० मिनिटे येतात. अर्जात सात मुद्दे लिहिले असतील तर अनुभवी परीक्षक हा भागाकार मनातल्या मनात करतोच. श्रोत्यांकडून प्रत्यक्ष काही करून घ्यायचे असेल, उदाहरणार्थ डेटा मॉडेल काढून घ्यायचे असेल, तर अर्ध्या दिवसाची कार्यशाळा मागावी. पहिल्यांदाच बोलणाऱ्याने ५ ते १० मिनिटांच्या छोट्या सत्रासाठी अर्ज करायलाही संकोच करू नये.

परवानगीचा भाग कंटाळवाणा असला तरी तो अर्ज पाठवण्यापूर्वीच उरकावा, कारण निवड झाल्यावर कंपनीने नकार दिला तर आयोजकांची जागा रिकामी पडते. वरिष्ठांची आणि गरजेप्रमाणे कायदा विभागाची लेखी संमती घ्यावी, गोपनीयतेचा करार पुन्हा वाचावा. संस्थेचे नाव काढून टाकले म्हणजे ओळख लपली, असे समजू नये. ‘देशातील सर्वांत मोठी अमुक कंपनी’ असे वर्णन केले की नाव सांगितल्यासारखेच होते. पडद्यावर दाखवायच्या नोंदी खऱ्या ग्राहकांच्या कधीही नसाव्यात. त्यासाठी बनवलेला नमुना डेटा वापरावा. डेटा सांभाळण्याविषयी बोलणाऱ्यानेच इथे हयगय केली, तर पुढचे काही ऐकण्यात अर्थ उरत नाही.

जे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत काम करतात, त्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. उत्पादनाची जाहिरात वाटणारा प्रस्ताव समिती सहसा बाजूला ठेवते, आणि त्यासाठी प्रायोजकांची वेगळी सत्रे असतात. ग्राहक संस्थेतील व्यक्तीला मुख्य वक्ता करून आपण सहवक्ता व्हावे, हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. मात्र सहवक्त्याचे नाव त्याला विचारल्याशिवाय अर्जात घालू नये.

वक्त्याचा परिचय तृतीय पुरुषी, मागितल्यापेक्षा थोडा कमी शब्दांत आणि या विषयाशी जोडलेला असावा. प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा ‘आठ वर्षे ग्राहक नोंदींच्या शुद्धीकरणाचे काम’ हे वाक्य जास्त सांगते. काही परिषदांत पहिली फेरी नावे झाकून होते, तिथे गोषवाऱ्यात स्वतःचे किंवा कंपनीचे नाव येऊ देऊ नये. पूर्वीच्या भाषणाची चित्रफीत मागितली असेल आणि ती नसेल, तर मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे स्पष्ट ध्वनिमुद्रण करून दिलेले चालेल का, हे आयोजकांना विचारून घ्यावे.

सगळा मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहावा आणि मग अर्जात चिकटवावा, कारण लांबलेल्या अर्जाची पाने मध्येच बंद पडतात आणि लिहिलेले पुसले जाते. पाठवण्यापूर्वी तो या क्षेत्राबाहेरच्या एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. तो जिथे अडेल तिथे आपली परिभाषा जास्त झालेली असते. पोच आली नाही तर मुदत संपण्यापूर्वी चौकशी करावी.

निवड झाल्यास होकार दिलेल्या मुदतीत कळवावा, स्लाइड कधी पाठवायच्या ते टिपून ठेवावे आणि विषय बदलायचा असेल तर समितीला आधी विचारावे, कारण श्रोते छापलेला गोषवारा वाचून येतात. नकार आल्यास कारण विनयाने विचारायला हरकत नाही, पण उत्तर मिळेलच असे नाही. अनेकदा एकाच विषयावर तीन-चार चांगले प्रस्ताव येतात आणि एकच घेता येतो. तोच प्रस्ताव स्थानिक व्यावसायिक गटाच्या बैठकीत मांडावा, तिथे विचारलेले प्रश्न त्याच रात्री उतरवून ठेवावेत आणि पुढचे आवाहन निघाले की त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न गोषवाऱ्याच्या पहिल्या वाक्यात घ्यावा.