निळा ठिपका भलतीकडेच का जातो? लोकेशन आणि सर्चमधल्या या चुका टाळा

"ताई, मी लोकेशनवरच उभा आहे, पण इथं तर शाळेची भिंत आहे." पार्सलवाल्याचा असा फोन आला की आपण लगेच नकाशाला दोष देतो. नकाशे चुकतात, नाही असं नाही. पण दहातल्या बऱ्याच वेळा ॲपला परवानगी अर्धी दिलेली असते, वाहन चुकीचं निवडलेलं असतं, नाहीतर गावाचं नाव अर्धवट टाकलेलं असतं. जे दिलं त्याचंच उत्तर ते देतं.

'अंदाजे' परवानगी देऊन दारापर्यंतचा पत्ता मागणे

अँड्रॉइड १२ (२०२१) आणि आयओएस १४ (२०२०) पासून लोकेशनची परवानगी दोन प्रकारची झाली आहे: प्रिसाइज म्हणजे अचूक आणि ॲप्रॉक्झिमेट म्हणजे अंदाजे. पहिल्यांदा ॲप उघडताना जी चौकट येते, तिच्यात घाईघाईनं बोट लागतं आणि 'अंदाजे' निवडलं जातं. अँड्रॉइडवर हा अंदाज साधारण तीन चौरस किलोमीटरचा असतो. हवामान बघायला तेवढं पुष्कळ झालं. रिक्षा बोलावलीत तर रिक्षावाला पलीकडच्या चौकात उभा राहून तुम्हाला शोधणार.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज → लोकेशन → ॲप परमिशन्स असं जा, ॲप निवडा आणि 'यूज प्रिसाइज लोकेशन' चालू करा. आयफोनवर सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → लोकेशन सर्व्हिसेस → ॲप → 'प्रिसाइज लोकेशन'.

आता उलटी चूक. सगळ्याच ॲपना 'अलाउ ऑल द टाइम' देऊन टाकायचं आणि मग बॅटरी टिकत नाही म्हणून रडायचं. नकाशा, कॅब आणि जेवण मागवायच्या ॲपना 'ॲप वापरत असतानाच' एवढी परवानगी पुरते. हवामान आणि बातम्यांना अंदाजे द्या. टॉर्च, कॅलक्युलेटर किंवा वॉलपेपरचं ॲप लोकेशन मागत असेल तर सरळ नाही म्हणा. तो टॉर्च पुण्यात आहे की परभणीत, यानं उजेडात फरक पडत नाही.

ठिपक्याभोवतीचं वर्तुळ न बघणे

नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती कधीकधी फिकट निळं वर्तुळ दिसतं. 'या वर्तुळात कुठंतरी तुम्ही आहात' एवढंच ॲप त्यातून सांगत असतं. वर्तुळ मोठं असताना पाठवलेलं लोकेशन म्हणजे अंधारात मारलेला दगड. शाळेच्या भिंतीचं कोडं बहुधा इथंच सुटतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की स्लॅब, पत्र्याची शेड किंवा बेसमेंटचं पार्किंग मध्ये आलं की तो अडतो. उंच इमारतींच्या गल्लीत तो काचांवर आणि भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो, आणि फोन तुम्हाला शेजारच्या रस्त्यावर नेऊन ठेवतो. जागा नीट ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. म्हणून लोकेशन पाठवण्याआधी गॅलरीत किंवा अंगणात या, अर्धा-एक मिनिट थांबा, वर्तुळ आवळलं की पाठवा.

घरात किंवा मॉलमध्ये फोन आसपासच्या वायफायवरून जागा ओळखतो. त्यासाठी सेटिंग्ज → लोकेशन → लोकेशन सर्व्हिसेसमध्ये 'लोकेशन ॲक्युरसी' आणि 'वायफाय स्कॅनिंग' चालू लागतं. बॅटरी वाचवायला म्हणून लोक नेमकं हेच बंद करून ठेवतात. यातली एक गंमत अशी: घर बदललं आणि राउटर सोबत नेला, की नव्या घरात बसूनही फोन काही दिवस जुन्या घराचा पत्ता दाखवू शकतो, कारण त्या राउटरची नोंद जुन्याच जागेवर असते. अशा वेळी वायफाय बंद करून बाहेर या आणि जीपीएसला काम करू द्या.

ठिपका बरोबर पण त्याच्या पुढचा प्रकाशाचा झोत उलट्या दिशेला असेल, तर बिघाड होकायंत्राचा आहे. कव्हरमधलं चुंबक आणि गाडीतला मॅग्नेटिक होल्डर हे नेहमीचे गुन्हेगार. फोन होल्डरमधून काढा, निळ्या ठिपक्यावर टॅप करून 'कॅलिब्रेट' निवडा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवा.

फ्लायओव्हरवर चढायचं की खालून जायचं, हा गोंधळ वेगळा. वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर एकावर एक असतात, आणि फोनला उंची तितकी नेमकी कळत नाही. गूगल मॅप्सनं २०२४ मध्ये भारतातल्या निवडक शहरांत फ्लायओव्हर आधीच सांगायची सोय आणली. तरी एकदा चुकून खाली राहिलात तर ॲपला ते कळायला वेळ लागतो. तोवर रस्त्यावरची पाटी खरी माना.

आणि हो, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नेटमुळे पहिली जागा लवकर सापडते आणि नकाशाचं चित्र उतरतं, इतकंच.

स्कूटरवर बसून कारचा रस्ता विचारणे

गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये भारतात आला, तरी अजून कितीतरी जण कारच्याच चित्रावर बोट ठेवतात. मग मुंबईहून पुण्याला निघालेल्या दुचाकीला ॲप द्रुतगती मार्गाकडे नेतं, आणि तिथं दुचाकीला बंदी आहे. वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू यांचंही तेच. प्रवेशाशी पोहोचल्यावर मागे वळायला जागा नसते, आणि लोक उलट दिशेनं गाडी ढकलत आणतात.

उलटी चूक चारचाकीवाल्यांची: काल स्कूटरसाठी निवडलेला दुचाकीचा पर्याय तसाच राहतो आणि आज कार जुन्या पेठेतल्या बोळात अडकते. रस्ता सुरू करण्याआधी वरचं चित्र बघा, एका सेकंदाचं काम आहे.

त्याच पानावरच्या तीन टिंबांत, 'ऑप्शन्स'मध्ये, आणखी एक सापळा आहे. टोल वाचवायला म्हणून गेल्या महिन्यात 'अव्हॉइड टोल्स' चालू केलेलं असतं आणि ते तसंच लक्षात राहतं. मग एरवी दोन तासांचा रस्ता साडेतीन तासांचा का दाखवतोय, हे कोडं सुटत नाही. हिरवं पान असलेला 'फ्युएल-एफिशिअंट' रस्ताही असाच: इंधन कमी लागतं, पण वेळ थोडा जास्त जाऊ शकतो. त्यासाठी गाडी पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की इलेक्ट्रिक हे आधी बरोबर भरलेलं हवं. नाहीतर हिशेबच चुकीच्या इंजिनाचा होतो.

नुसतं 'कर्जत' टाकणे

एक कर्जत रायगडात, लोकलनं जाता येणारं. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यात. खेड कोकण रेल्वेवर रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरलाही लोक खेडच म्हणतात. मालेगाव नाशिकचं तसं वाशिमचंही. शिरूर तर पुणे, बीड आणि लातूर तिन्हीकडे. लग्नपत्रिकेवरचं नुसतं गावाचं नाव टाकून 'स्टार्ट' दाबणाऱ्यांची वरात भलत्याच मांडवात जायची ती अशी. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा लिहा, आणि निघण्याआधी एकदा नकाशा लहान करून पूर्ण रस्ता डोळ्यांखालून घाला.

पिनकोड जोडला तर आणखी बरं. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, ती अशाच सारख्या नावांच्या घोळावर. पण एका पिनकोडात मोठा भाग येतो. वाडी-वस्तीवरच्या घरासाठी प्लस कोड वापरा: नकाशावर त्या जागी बोट दाबून धरा, लाल पिन पडते, खालच्या माहितीत अधिकचं चिन्ह असलेला छोटा कोड दिसतो. तो पाठवताना सोबतचं गावाचं नाव गाळू नका. आखूड कोडाला नावाशिवाय अर्थ नाही. टपाल खात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणलं आहे. त्यात दहा अक्षर-अंकांचा कोड साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. तो पिनकोडच्या जागी आलेला नाही, जोडीला आहे.

सोसायटीचं नाव पाठवलं तर पिन बहुधा आवाराच्या मधोमध असते आणि गेट मागच्या रस्त्याला. फाटकावर बोट दाबून धरा आणि तीच पिन पाठवा.

घाटात शिरल्यावर नकाशा डाउनलोड करायची आठवण होणे

ताम्हिणीत नेटवर्क गेलं की डोक्याला हात लावून उपयोग नसतो. आदल्या रात्री घरच्या वायफायवर गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करा, 'ऑफलाइन मॅप्स' → 'सिलेक्ट युअर ओन मॅप' निवडा, आणि चौकोनात नुसतं पोहोचायचं गाव नाही तर निघायच्या गावापासूनचा सगळा रस्ता येऊ द्या. इथंच बहुतेकांचं चुकतं: दोन्ही टोकं उतरवतात आणि मधला घाट राहतो. नकाशा वेळोवेळी अपडेट झाला नाही तर वर्षभरानं बाद होतो.

ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता मिळतो. ट्रॅफिक, पर्यायी रस्ते आणि चालायचा रस्ता मिळत नाही. गडावर चढणाऱ्यांनी त्यामुळे यावर विसंबू नये. पायवाटांसाठी हे साधनच नव्हे.

पावसाळ्यात आणि धरणक्षेत्रात जास्त सावध राहा. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशा बघत निघालेली एक कार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि एकाचा जीव गेला. नकाशाला पूल दिसतो, त्यावर चढलेलं पाणी दिसत नाही. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात बंद ठेवले जातात, तेही ॲपवर लगेच उमटेल असं नाही. रात्री अनोळखी रस्त्यावर वाहनांची वर्दळ अचानक थांबली तर गाडी थांबवा आणि मागच्या गावात किंवा ढाब्यावर विचारा.

सर्चमध्ये मिळालेला कस्टमर केअर नंबर तसाच लावणे

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नकाशावरच्या दुकानाचा किंवा शाखेचा नंबर बदलण्याची सूचना कुणीही 'सजेस्ट ॲन एडिट'मधून देऊ शकतो, आणि जाहिरात देऊन खोटी साइट वर आणता येते. भामटे नेमकं तेच करतात. पैसे अडकलेला माणूस घाईत पहिला नंबर लावतो. समोरचा अतिशय अदबीनं बोलतो, मग स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो, किंवा 'रिफंडसाठी' यूपीआय पिन मागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

बँकेचा नंबर कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा बँकेच्या ॲपमध्ये बघा. गॅस, कुरिअर आणि विमा यांचा बिलावर असतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात.

'माझ्याजवळचं' आणि मराठी बोलणं

घरच्या ब्रॉडबँडवर 'जवळचं मेडिकल' शोधलं आणि यादी दुसऱ्याच शहराची आली, तर ब्राउझरला लोकेशनची परवानगी नाही आणि सर्च नेटच्या जोडणीवरून अंदाज बांधतंय. व्हीपीएन, म्हणजे तुमची जोडणी दुसऱ्याच जागेवरून आल्यासारखी दाखवणारी सेवा, चालू असेल तर ती बंद करा. निकालांच्या तळाशी जागेचं नाव असतं, तिथं 'अपडेट लोकेशन' दाबा.

मराठीत बोलून शोधताना कीबोर्ड हिंदीवर असेल तर 'ळ' गायब होतो आणि 'जवळा' शोधला तर भलतंच येतं. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये लँग्वेजेस → ॲड कीबोर्ड → मराठी घाला आणि माइक दाबण्याआधी भाषा बदला. जानेवारी २०२४ मध्ये आलेलं 'सर्कल टू सर्च', म्हणजे स्क्रीनवरच्या गोष्टीभोवती बोटानं गोल काढून ती शोधायची सोय, खालची पट्टी किंवा होम बटण दाबून धरलं की उघडतं. उघडत नसेल तर डीफॉल्ट डिजिटल असिस्टंट म्हणून गूगल निवडलंय का ते आधी तपासा. सगळ्या फोनना ही सोय नाही, पण तेच काम गूगल लेन्स या चित्रावरून शोधणाऱ्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट टाकूनही होतं.

लाइव्ह लोकेशन आणि हरवलेला फोन

व्हॉट्सॲपवर 'सेंड करंट लोकेशन' म्हणजे एका क्षणाचा फोटो. प्रवासात 'शेअर लाइव्ह लोकेशन' हवं. त्याला १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत. रात्रीच्या बसनं नागपूरला निघालेल्या मुलीला ८ तासही पुरत नाहीत, मध्ये एकदा पुन्हा सुरू करायला सांगा. फोनची बॅटरी सेव्हर व्यवस्था ॲपला झोपवत असेल तर ठिपका एकाच जागी गोठतो; त्या ॲपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा.

गूगलचं 'फाइंड माय डिव्हाइस' २०२५ पासून 'फाइंड हब' झालंय. नेट नसलेला फोनही ते आसपासच्या अँड्रॉइड फोनच्या मदतीनं शोधू शकतं, पण त्याची मूळ सेटिंग फक्त गर्दीच्या ठिकाणांसाठी असते. गावाकडे राहत असाल तर सेटिंग्जमध्ये ती 'ऑल एरियाज' करा. आणि हे आजच करून बघा: घरातल्या दुसऱ्या फोनवर फाइंड हब उघडून पाहुणा म्हणून स्वतःच्या खात्यानं शिरा. टू-स्टेप पडताळणी चालू असेल तर ओटीपी येणार तो हरवलेल्याच फोनवर. त्यासाठी गूगल खात्याच्या सिक्युरिटीमध्ये दहा बॅकअप कोड मिळतात; ते कागदावर उतरवून घरात ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको.