पहिला छोटा ट्रॅक्टर: आधी औजार, मग टेप, शेवटी एचपी

माझा पहिला ट्रॅक्टर घरी आला आणि शेडच्या दारातच अडला. दार सात फुटांचं, आणि सीटमागचा रोल बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, जमिनीपासून सात फूट चार इंच. एचपी, मायलेज, हप्ता सगळं दहादा विचारून झालं होतं, पण टेप लावून उंची मात्र एकदाही मोजली नव्हती. मग रोज तोच खेळ: पिना काढून रोल बार आडवा करायचा, ट्रॅक्टर आत घालायचा, सकाळी बाहेर काढून बार पुन्हा उभा करायचा. काही दिवसांनी उभा करायचा कंटाळा येऊ लागला. जीव वाचवायला बसवलेली वस्तू आडवी ठेवूनच मी उतारावर हिंडायचो. शेवटी दाराची चौकट वर घेतली.

तेव्हापासून कुणी 'किती एचपीचा घेऊ?' असं विचारलं की मी उलटा प्रश्न करतो: मागे काय जोडणार, आणि ते कुठून नेणार? ट्रॅक्टर म्हणजे शेवटी औजार धरणारा हात. पुढे लिहिलंय ते एक ते आठ-दहा एकर जमीन आणि साधारण १५ ते ३५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर एवढ्यापुरतं आहे.

पायरी १: वर्षभराची कामं कागदावर मांडा

कामाचं नाव, वर्षातून किती वेळा, आणि दर वेळी किती तास, असे तीन रकाने करा. तास अंदाजाने लिहू नका, त्याचा हिशोब सोपा आहे. चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार) म्हणजे १.२ मीटर रुंदी. ताशी अडीच किलोमीटरने चालला तर कागदावर तासाला ३,००० चौरस मीटर होतात. वळणं, एकावर एक जाणारे पट्टे, मध्येच थांबणं धरून त्यातला पाव भाग वजा करा, उरले २,२५०. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे एका एकराला पावणेदोन-दोन तास. तीन एकर एकदा फिरवायला एक दिवस पुरतो. मोठा ट्रॅक्टर घेऊन हा दिवस अर्ध्यावर आणायची गरज आहे का, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

कागद पूर्ण झाला की वर्षातून एकदाच होणारी जड कामं वेगळी काढा. खोल नांगरट हे त्यातलं ठरलेलं नाव. त्या एका दिवसासाठी मोठा ट्रॅक्टर घ्यायचा आणि उरलेले ३६४ दिवस तो ओळींमधून शिरत नाही म्हणून कुरकुरायचं, यात अर्थ नाही. ते काम भाड्याने करून घ्या. रोटाव्हेटर, गवत कापणं, फवारणी, ट्रॉली ही वारंवारची कामं. ट्रॅक्टर त्यांच्या मापाचा हवा.

पायरी २: औजारावरून एचपी काढा

इंजिनावर लिहिलेले सगळे एचपी औजारापर्यंत पोचत नाहीत. मागच्या फिरत्या शाफ्टला, म्हणजे पीटीओला, साधारण ८० ते ८८ टक्के मिळतात. २५ एचपीच्या ट्रॅक्टरचे पीटीओवर २० ते २२ धरा. माहितीपत्रकात हा आकडा वेगळा दिलेला असतो. तुलना त्यानेच करा.

रोटाव्हेटरला रुंदीच्या दर फुटाला पाच ते सहा पीटीओ एचपी लागतात, हा ढोबळ हिशोब चालतो. हलक्या जमिनीत पाच पुरतात, चिकट आणि भारी जमिनीत सहाही कमी पडू शकतात. गवत कापायच्या रोटरी कटरलाही फुटाला पाचाच्या आसपास धरा. म्हणजे चार फुटी रोटाव्हेटर आणि मध्यम जमीन असेल तर पीटीओवर २२ एचपी हवेत, आणि इंजिन साधारण २७चं. बघा, इथे एचपी आपोआप निघाला. कुणाला विचारावा लागला नाही.

जोडणीही आत्ताच बघून ठेवा. छोट्या ट्रॅक्टरची मागची तीन बिंदूंची जोडणी बहुधा कॅटेगरी १ची असते: खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या, वरच्या मधल्या दांडीची, म्हणजे टॉप लिंकची, १९ची. मोठ्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरी २मध्ये त्याच पिना २८ आणि २५च्या होतात. कुणाकडून औजार उसनं आणायचा बेत असेल तर पिनेचं माप आधी घ्या. पीटीओचं बघायचं ते एवढंच, की औजाराला लागणारे मिनिटाला ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतात.

पायरी ३: टेप घेऊन शेतात फिरा

ही पायरी लोक गाळतात, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात अरुंद जागा शोधा. फाटक, दोन ओळींमधली मोकळी जागा, विहिरीकडे वळणारी वाट, गोठ्याचा कोपरा. बागेत खोडापासून खोडापर्यंत मोजू नका. फांद्या जिथे सगळ्यात पुढे आल्यात तिथे मोजा, आणि तेही झाडं पानांनी भरलेली असताना. त्या मापातून दोन्ही बाजूंना निदान फूटभर सोडा. जे उरलं ती तुमच्या ट्रॅक्टरची रुंदी, टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत.

उंची दोनदा मोजा: शेडचं दार, आणि वाटेवरची सगळ्यात खाली आलेली फांदी. नंतर शेताच्या टोकाला जिथे वळणार तिथे उभे राहा. ट्रॅक्टर आणि मागचं औजार मिळून लांबी तीन-चार मीटरच्या पुढे जाते. कागदावरची वळणत्रिज्या औजार नसताना आणि बऱ्याचदा एका बाजूचा ब्रेक दाबून मोजलेली असते. म्हणून टोकाला किती जागा पडीक सोडायची तुमची तयारी आहे, ते आधी ठरवा. अर्ध्या एकराच्या चिंचोळ्या तुकड्यात दोन्ही टोकांना चार-चार मीटर गेले तर पिकाला उरतं काय?

आता एक बारीक गोष्ट. रोटाव्हेटर टायरच्या बाहेरच्या रुंदीइतका तरी हवा. टायर साडेचार फुटांवर आणि रोटाव्हेटर चार फुटी असेल, तर दर फेरीत चाकाने दाबलेला पट्टा तसाच मागे राहतो आणि तिथे माती फरशीसारखी बसते. काही ट्रॅक्टरांत रिम उलटी बसवून चाकं आत-बाहेर घेता येतात. तुम्ही बघताय त्यात येतात का, ते विचारा.

पायरी ४: वजन आणि लिफ्ट

एकाच एचपीचे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे करा. एक ६५० किलोचा, दुसरा हजाराच्या पुढचा. हलका ओल्या मातीला कमी दाबतो, गवतावर खुणा कमी पाडतो, पिकअपमध्येही चढतो. पण नांगर किंवा ट्रॉली ओढायची तर चाकाची पकड वजनातून येते. मोकळ्या मातीत ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपासच ओढू शकतो. त्यापुढे इंजिनात कितीही दम असला तरी चाकं नुसती फिरतात. ओढकाम जास्त असेल तर जड घ्या, बागेत आणि गवतात जास्त हिंडायचं असेल तर हलका. दोन्ही हवं असेल तर हलका घेऊन लोखंडी वजनं लावायची सोय बघा.

लिफ्टचा आकडा वाचताना सावध राहा. तो दोन ठिकाणी मोजतात: खालच्या दांड्यांच्या टोकाला, किंवा त्याच्या ६१० मिलिमीटर मागे. जाहिरातीत पहिला ठळक असतो, कारण तो मोठा दिसतो. रोटाव्हेटरचं वजन मात्र टोकावर नसतं, मागे पसरलेलं असतं. तुमच्या कामाचा आकडा दुसरा.

लिफ्टने उचललं म्हणजे झालं, असंही नाही. मागे दोन-अडीचशे किलो वर गेले की पुढची चाकं हलकी होतात. छोट्या बांधावरून चढताना ती क्षणभर जमीन सोडतात, स्टिअरिंग हातात गरगर फिरतं आणि ट्रॅक्टर सरळच जात राहतो. पोटात गोळा येतो तो तेव्हा. एकूण वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे. म्हणून खरेदीच्याच वेळी पुढच्या वजनांचा ब्रॅकेट घ्या, नंतर जुळवाजुळव करत बसू नका. पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलणारं बकेट, लावणार असाल तर प्रकार उलटा: भार मागे हवा.

पायरी ५: गिअर, क्लच, चाकं

गिअर किती हे मोजण्यापेक्षा सगळ्यात हळू वेग किती ते विचारा, आणि तोही पीटीओ ५४०वर असताना. रोटाव्हेटरला ताशी दोन-तीन किलोमीटर लागतात. पहिल्या गिअरलाच ट्रॅक्टर चारने पळत असेल तर ढेकळं फुटायचीच नाहीत.

हायड्रोस्टॅटिकमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणाऱ्या प्रकारात, गिअर बदलावा लागत नाही. पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. लोडर आणि गवतासाठी याला तोड नाही, आणि नवख्यालाही सोपं. पण काही ताकद तेलाच्या उष्णतेत जाते आणि दुरुस्ती साध्या गिअरबॉक्ससारखी झाडाखाली होत नाही. दिवसभर सरळ रेषेत रोटाव्हेटर किंवा नांगर चालवायचा असेल तर मी साधे गिअरच घेईन.

क्लचकडे नीट बघा. सिंगल क्लच असला की पाय दाबताच पीटीओही थांबतो. गिअर बदलायला थांबलात की रोटाव्हेटरही थांबला. गवत कापायच्या कटरचं उलटं होतं: क्लच दाबूनही पात्यांचा जोर शाफ्टमधून ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, आणि समोर विहीर असेल तर विचार करा. त्यावर उपाय म्हणून पीटीओवर एकदिशा कपलिंग बसवतात, म्हणजे पात्यांचा जोर उलटा ट्रॅक्टरकडे येत नाही. ट्रॅक्टर थांबला तरी पीटीओ चालू ठेवणारा दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ मिळत असेल तर त्यासाठी दुसऱ्या एखाद्या हौसेवर पाणी सोडा.

उतार, चिखल किंवा लोडर असेल तर फोर व्हील घ्याच. कोरड्या सपाट जमिनीत टू व्हील चालतो आणि जरा कमी जागेत वळतो. टायर शेतीचे, खोल नक्षीचे. हिरवळीचे सपाट टायर फक्त हिरवळीसाठी.

पायरी ६: चालवून बघा, औजारासह

शोरूमच्या फरशीवर मारलेली फेरी ही ट्रायल नव्हे. रोटाव्हेटर जोडून मातीत चालवायला मागा. जोडणी तुम्ही स्वतः करा, एकट्याने. रोज तुम्हालाच करायची आहे. टॉप लिंकची पिन खाली वाकून सहज बसते का? शाफ्ट पीटीओवर सरकवताना बोटं कुठे अडकतात? क्लच पूर्ण दाबताना कंबर सीटवरून पुढे सरकते का? हे दहा मिनिटांत कळतं.

चाकांची घसरण मोजायचीही एक युक्ती आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करा, औजार वर उचलून दहा फेरे चालवा आणि अंतर मोजा. मग नांगर मातीत घालून पुन्हा दहा फेरे. आधी ३० मीटर आले आणि नंतर २६, तर घसरण १३ टक्के, ठीक आहे. २२ आले तर वजन कमी पडतंय.

पायरी ७: जुना घेत असाल तर

सकाळी लवकर जा, आणि गेल्या गेल्या इंजिनावर तळहात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी तो मिनतवारीने चालू केलाय. गार इंजिन सुरू करताना धूर बघा: निळा राहिला तर तेल जळतंय; पांढरा बराच वेळ थांबला नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. गिअरबॉक्सचं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. औजार वर उचलून इंजिन बंद करा आणि गप्पा मारा. दहा मिनिटांत ते ठळकपणे खाली आलं तर लिफ्टचं काम निघणार. पुढचं चाक दोन्ही हातांनी हलवून खेळ बघा.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवा, पण ब्रेकच्या पेडलाचं रबर बघून. मीटर ६०० तास म्हणतोय आणि रबर गुळगुळीत होऊन खालचं लोखंड दिसतंय, तर खरं कोण बोलतंय ते उघड आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. रोल बारला नंतर केलेल्या वेल्डिंगची खूण दिसली तर ट्रॅक्टर कधीतरी उलटलेला असू शकतो. तो सोडून द्या.

नवा असो वा जुना, तेलाचा फिल्टर, पंख्याचा पट्टा आणि क्लच प्लेट जवळ कुठे मिळतात, हे पैसे देण्याआधी दुकानात जाऊन विचारा. फोनवर सगळे 'मिळेल' म्हणतात.

घरी आणल्यावर

पीटीओचा शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून ठेवू नका आणि सैल कपड्यांनी जवळ जाऊ नका. काहीही ओढायचं ते मागच्या खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या पट्टीला, अडकवून. टॉप लिंकला किंवा एक्सलला दोर बांधला की ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. रोल बार उभा असेल तेव्हा सीटबेल्ट लावा. आडवा करावाच लागला तर बेल्ट सोडा. रस्त्यावर जाताना डावा-उजवा ब्रेक खटक्याने जोडून घ्या.

पहिल्या दिवशी काम संपलं की चाकांचे नट पुन्हा आवळा, नवीन रिमवर ते हमखास सैल होतात. पहिलं तेल आणि फिल्टर बहुतेक कंपन्या ५० तासांच्या आसपास बदलायला सांगतात. पुस्तिकेतला आकडा बघून तो शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवा.