एमआरआयवर ग्लुटामेट मोजायचं असेल तर: स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

स्किझोफ्रेनियात मेंदूच्या रसायनांबद्दल वाचायला घेतलं की पहिलं नाव डोपामिनचं येतं. त्याचा माग काढायला पेट स्कॅन लागतो. त्यासाठी पेशंटला किरणोत्सारी द्रव्य टोचावं लागतं, आणि ते कार्बन-११ चं असेल तर २० मिनिटांत निम्मं उरतं, म्हणजे ते द्रव्य बनवणारा सायक्लोट्रॉन जवळच हवा. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने २०१२ साली दाखवलं की नेहमीच्या औषधांनी ज्यांना गुण येत नाही, त्यांच्या मेंदूत डोपामिन तयार होण्याचा वेग निरोगी माणसांसारखाच असतो. २०१४ साली त्याच गटाला अशा पेशंटांच्या मेंदूच्या पुढच्या, मधल्या रेषेजवळच्या अँटिरिअर सिंग्युलेट भागात ग्लुटामेट हे मेंदूपेशींना उत्तेजित करणारं रसायन निरोगी लोकांपेक्षा जास्त आढळलं. तो अभ्यास लहान होता. तरी दुसऱ्या, तिसऱ्या गोळीनेही फरक न पडलेल्या मुलांचे आईबाप मी रोज पाहतो, त्यामुळे हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. शिवाय ग्लुटामेट साध्या ३ टेस्लाच्या एमआरआयवर, सुई न टोचता मोजता येतं. या तपासणीला एमआर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात. तिच्यात चित्राऐवजी आलेख (स्पेक्ट्रम) मिळतो; त्यातला सुळका म्हणजे पीक, आणि त्याची आडव्या रेषेवरची जागा पीपीएममध्ये सांगतात.

सुरुवात माणसापासून करा. दंडाला ताईत, कमरेला करदोटा, बायकांच्या पायात जोडवी असतात. ताईत कात्रीने कापू नका; घरच्यांना सोडायला सांगा आणि त्यांच्याच हातात द्या. ज्याला कानात आवाज ऐकू येतात त्याला हेडफोन लावण्याआधी स्वतः समोर उभं राहून सांगा, “दादा, आतमध्ये मीच बोलणार. प्रत्येक वेळी आधी माझं नाव सांगेन.” मशीन मनातले विचार वाचत नाही, हेही न विचारता सांगून टाका, ही भीती अनेकांना असते आणि ते बोलून दाखवत नाहीत. शेवटची सिगारेट किंवा तंबाखू कधी घेतली, कोणती गोळी किती दिवसांपासून चालू आहे, हे लिहून घ्या. दोन्हींचा आकड्यांवर परिणाम होऊ शकतो. शक्य असेल तिथे औषध सुरू होण्याआधीचे पेशंट घ्या, पण स्कॅनसाठी कुणाचंही औषध लांबवू नका.

आता क्रम. अभ्यासात एफएमआरआयही (मेंदूचं काम टिपणारा एमआरआय) असेल तर स्पेक्ट्रोस्कोपी त्याच्या आधी घ्या. एफएमआरआयमध्ये ग्रेडियंट कॉइल तापतात आणि नंतर चुंबकाची फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकत राहते. गाबासाठी (मेंदूपेशींना शांत करणारं रसायन) मेगा-प्रेस ही खास पद्धत घेत असाल तर ही सरक सगळ्यात घातक, कारण तिथे १.९ पीपीएमवर अचूक नेम धरलेला असतो. गाबाचा ३ पीपीएमचा पीक क्रिएटिन या दुसऱ्या रसायनाच्या मोठ्या पीकखाली दडलेला असतो; एकदा पल्स देऊन आणि एकदा न देता घेतलेल्या स्पेक्ट्रमची वजाबाकी केली की तो वर येतो. नेम चुकला की वजाबाकीच चुकते.

मेंदूची रचना दाखवणारं टी-वनचं त्रिमितीय चित्र घेऊन त्यावर व्हॉक्सेल, म्हणजे ज्यातलं रसायन मोजायचं तो ठोकळा, ठेवा. ग्लुटामेटसाठी २ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, अँटिरिअर सिंग्युलेटमध्ये, कॉर्पस कॅलोझमच्या पुढच्या बाकाला लागून, मधल्या रेषेवर दोन्हीकडे सारखा. गाबाला ३ सेंटिमीटर बाजूचा लागतो. कवटीच्या चरबीपासून लांब राहा, नाहीतर १.३ पीपीएमच्या आसपास डोंगर उभा राहतो.

सगळ्यात जास्त वेळ शिमिंगला, म्हणजे ठोकळ्यातलं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करण्याला, द्या. हा भाग सायनसमधल्या हवेच्या जवळ आहे, तिथे चुंबकीय क्षेत्र एकसारखं राहत नाही. ऑटोमॅटिक शिम झाल्यावर पाण्याच्या पीकची रुंदी स्वतः बघा. ३ टेस्लावर ती १२-१३ हर्ट्झच्या वर असेल तर मी पुढे जात नाही. व्हॉक्सेल किंचित सरकवतो आणि पुन्हा शिम करतो. पीक रुंद झाले की २.३५ पीपीएमच्या आसपासचं ग्लुटामेट शेजारच्या ग्लुटामिनमध्ये मिसळतं आणि मग कितीही चांगलं सॉफ्टवेअर ते वेगळं काढू शकत नाही. मिसळलेला आकडा ‘जीएलएक्स’ म्हणूनच छापा, ग्लुटामेट म्हणून नको.

प्रेस सिक्वेन्स (मोजण्याची नेहमीची पद्धत), टीई (पल्सपासून सिग्नलपर्यंतचा वेळ) ३० ते ३५ मिलिसेकंद, टीआर (एका मोजमापापासून पुढच्यापर्यंतचा वेळ) २ सेकंद, १२८ अ‍ॅव्हरेज: साडेचार मिनिटांच्या आत काम होतं. मेगा-प्रेसला टीई ६८ आणि ३२० अ‍ॅव्हरेज धरले तर पावणेअकरा मिनिटं जातात. त्याच व्हॉक्सेलचं, पाण्याचा सिग्नल न दाबलेलं एक छोटं मोजमाप घ्यायचं विसरू नका. पाण्याचा सिग्नल ग्लुटामेटच्या हजारो पट मोठा असतो आणि पुढे तोच मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो. क्रिएटिनशी गुणोत्तर काढणं सोपं आहे, पण आजारात क्रिएटिनच बदललं असेल तर पट्टीच खोटी ठरते.

विश्लेषणाला एलसीमॉडेल किंवा ऑस्प्रे हे सॉफ्टवेअर वापरा, गाबाला गॅनेट. व्हॉक्सेलमध्ये राखाडी द्रव्य किती, पांढरं किती, मेंदूभोवतीचं पाणी किती, हे टी-वनवरून काढून दुरुस्ती करा. ज्याचा मेंदू थोडा आकसला आहे त्याच्या ठोकळ्यात मेंदूभोवतीचं पाणी जास्त येतं आणि ग्लुटामेट उगाच कमी दिसतं. विश्लेषण करणाऱ्याला पेशंट कोण आणि निरोगी कोण हे माहीत नसावं. क्रॅमर-राओची टक्केवारी (आकडा किती अनिश्चित आहे ते सांगणारी) २० च्या वर गेली की आकडा फेकून द्यायची सवय लावून घेऊ नका: ज्याच्यात रसायन खरोखर कमी आहे, तोच माणूस त्या चाळणीतून गळतो. आधी स्पेक्ट्रम डोळ्यांनी बघा.

बाहेर नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, आजार दिसला का?” खरं तेच सांगा: काकू, हे मोजमाप एका माणसाचं निदान करत नाही, अनेकांची तुलना करून समजतं. शिवाय आलेला आकडा त्या ठोकळ्यातल्या सगळ्या ग्लुटामेटचा आहे. पेशींच्या सांध्यावर किती सुटलं ते यातून कळत नाही. निष्कर्ष लिहिताना ही मर्यादा पहिल्याच पानावर घ्या.

एक काम राहिलं. पॅक्सवर (हॉस्पिटलच्या स्कॅनचा संगणकीय साठा) बहुतेक वेळा फक्त चित्र जातं, कच्चा डेटा आपोआप जात नाही, आणि मशीनची डिस्क भरली की तो पुसला जातो. पेशंट टेबलावरून उतरत असतानाच ती फाईल कॉपी करा आणि उघडून बघा.